फर्स्ट शिफ्टच्या आधी एक हिरवा पेला

पहाटे पाचच्या सुमाराला पिंपरी-चिंचवड परिसरात नाशिक फाटा, लांडेवाडी, स्पाइन रोड, देहू फाटा, कुठेही बघा. कंपनीच्या बसची वाट पाहणारी माणसं उभी असतात. पाठीवर बॅग, गळ्यात ओळखपत्र आणि पोटात अर्धा कप चहा, फार तर दोन बिस्किटं. सहाला पाळी सुरू होते. आठ-साडेआठच्या सुट्टीत पोहे, उपमा किंवा वडा-पाव मिळतो, आणि दुपारी दोनला सुटून घरी पोचेपर्यंत हिरवं पान किंवा ताजं फळ म्हणून पोटात जात नाही. संध्याकाळी भाजी होते, पण ती बटाट्याची नाहीतर डाळ-कांद्याची. पालेभाजी निवडायला वेळ कुणाला आहे?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराच्या सुधारित सूचना काढल्या. त्यांत प्रौढ माणसासाठी रोज ४०० ग्रॅम भाज्या, त्यांतल्या १०० ग्रॅम पालेभाज्या, आणि वर १०० ग्रॅम फळं असा हिशेब दिला आहे. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या घरात हा हिशेब बसवणं अवघड आहे. फळ आणि पाला एकत्र वाटून केलेली स्मूदी मला त्यासाठीच उपयोगाची वाटते. वजन उतरवणं, चेहऱ्यावर तेज आणणं, शरीर ‘शुद्ध’ करणं हे दावे तिच्या नावावर खपवले जातात; ते सोडून द्या. पन्नास ग्रॅम पाला आणि दीडशे ग्रॅम फळ पाच मिनिटांत पोटात जातं, एवढंच तिचं काम, आणि ते काही कमी नाही.

फळ कालवून खाणं आपल्याला नवं नाही. शिकरण-पोळीवर कित्येक पिढ्या वाढल्या. फळात हिरवा पाला घालून पिण्याची टूम मात्र अमेरिकेतली. व्हिक्टोरिया बुटेन्को या बाईंनी २००५च्या आसपास पुस्तक लिहून ती लोकप्रिय केली. तिकडच्या कृतींत केल नावाचा पाला, अव्होकाडो, बदामाचं दूध असतं. ते आपण तिकडेच राहू देऊ. चाकणच्या बाजारात मेथी, कोथिंबीर, शेपू आणि पालकाच्या जुड्यांचे ढीग लागतात आणि घाऊक भाव शेकड्यावर बोलला जातो. ज्या गावाच्या बाजारात पालेभाजी शेकड्याने विकली जाते, तिथल्या माणसाने मॉलमधल्या केलसाठी पैसे का घालवावेत?

आता मुख्य कृती. एका मोठ्या पेल्यासाठी पालकाची दोन मुठी पानं (साधारण ५० ग्रॅम), एक पिकलेलं केळं, अर्धा पेरू, अर्धी वाटी दही, रात्री भिजत घातलेले मूठभरापेक्षा थोडे कमी शेंगदाणे, पुदिन्याची चार-पाच पानं, आल्याचा नखाएवढा तुकडा, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. पाणी अर्धा पेला. साखर नाही, मध नाही, गूळही नाही. केळ्याचा गोडवा पुरतो. पुरत नसेल तर केळं अजून पिकलेलं नाही असं समजा.

सगळं एकदम मिक्सरमध्ये टाकू नका. आपल्या घरातला मिक्सर नारळ, डाळ, मसाला वाटायला केलेला आहे. पातळ पाण्यात तरंगणारी पानं त्याच्या पात्याला नीट सापडत नाहीत. म्हणून आधी पानं, शेंगदाणे, आलं आणि दही एवढंच घ्या, पाणी जेमतेम चार चमचे घाला आणि चटणी वाटतो तसं बारीक वाटा. बाजूला चिकटलेला पाला चमच्याने खाली ओढून पुन्हा फिरवा. भांड्याच्या झाकणावर हिरवे ठिपके दिसेनासे झाले की फळं आणि उरलेलं पाणी घालायचं. वीस-पंचवीस सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. सलग दोन मिनिटं चालवलं तर मिश्रण कोमट होतं आणि जास्त भार पडून मोटार बंद पडते. तशी ती पडलीच तर घाबरू नका. बहुतेक मिक्सरच्या बुडाशी एक लाल बटण असतं. मिक्सर थोडा निवू द्या आणि ते दाबा.

पेरूच्या बिया ही या कृतीतली खरी कटकट आहे. त्या घरच्या मिक्सरमध्ये दळल्या जात नाहीत, नुसत्या फुटतात आणि मग घोटाघोटाला दाताखाली येतात. उपाय सोपा आहे. पेरू मधोमध चिरून बियांचा गाभा चमच्याने काढायचा आणि तो तिथेच उभ्या उभ्या खाऊन टाकायचा. सालीकडचा गर स्मूदीत घालायचा. सगळी स्मूदी गाळणीतून गाळण्याचा मोह मात्र आवरा, कारण गाळलं की चोथा जातो, आणि चोथ्यासाठीच तर आपण रसाऐवजी स्मूदी करतो आहोत.

पेरूवर माझा एवढा भर का, तेही सांगतो. शंभर ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर ‘क’ जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या कितीतरी पट. पालकातलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही; सोबत ‘क’ जीवनसत्त्व असेल तर ते बरं शोषलं जातं. चहा याच्या नेमका उलटा वागतो. म्हणून स्मूदीवर लगेच चहा नको, तासाभराचं अंतर ठेवा. हे सांगणं सोपं आणि पाळणं महाकठीण, याची कल्पना आहे. पहाटेचा चहा उठल्याउठल्या घ्या, अंघोळ आणि बाकीचं आवरून निघायच्या वेळी स्मूदी प्या, आणि पुढचा चहा थेट कंपनीतल्या सुट्टीत. असं बसतं.

लोहाचा विषय निघालाच आहे, तर एक गैरसमजही काढून टाकू. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चाकण-भोसरीच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत उभ्याने काम करणाऱ्या मुली-बायका याच वयाच्या. ‘पालकाचा ज्यूस घे, रक्त वाढेल’ असं त्यांना घरोघरी सांगितलं जातं. पन्नास ग्रॅम पालकातून मिळणारं लोह मिलिग्रॅम-दोन मिलिग्रॅमच्या घरात, आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याच घ्यायच्या. स्मूदी त्यांच्या जोडीला चालेल, त्यांच्याऐवजी नाही.

आता धुण्याबद्दल. लेखात मला सर्वांत जास्त जागा यालाच द्यायची आहे, कारण शिजवलेल्या भाजीत जे खपून जातं ते कच्च्या पाल्यात खपत नाही. पवना आणि इंद्रायणीचं पाणी कोणत्या अवस्थेत आहे हे आळंदीच्या घाटावर फेस पाहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही, आणि आपल्या जुडीला कोणतं पाणी मिळालं हे मंडईत विचारून कळत नाही. २०२५च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण एकदम वाढले, पिंपरी-चिंचवडमध्येही ते आढळले. तपासण्यांत कॅम्पायलोबॅक्टर या जिवाणूचं नाव पुढे आलं आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. तेव्हा पाणी उकळून प्या, कच्चं खाऊ नका, असं आरोग्य खातं सांगत होतं. ती साथ ओसरली, पण पाल्यावरची माती आणि तिच्यातले जंतू आहेत तिथेच आहेत.

शिवाय पिंपरी-चिंचवड शहराला नोव्हेंबर २०१९पासून दिवसाआड पाणी येतं. नळ सोडून पानं एकेक करून धुण्याची चैन रोज परवडत नाही. मग करायचं काय? पाणी येण्याच्या दिवशी किंवा सुट्टीच्या दिवशी सगळा पाला एकदाच हातावेगळा करायचा. या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तुमची रविवारी असेल तर रविवारी. जुडीची मुळं कापा, पिवळी, भोकं पडलेली, चिकट झालेली पानं काढा, जाड देठ खुडा. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन पानं बुडवा, हाताने ढवळा आणि दोन मिनिटं तशीच ठेवा. माती तळाला बसते. इथे एक चूक बहुतेक जण करतात: पातेलं चाळणीत उपडं करतात, म्हणजे खाली बसलेली माती पुन्हा पानांवर. पानं वरून हाताने उचलून घ्या आणि गढूळ पाणी टाका (कुंडीत किंवा संडासात, वाया नको). तळाला बोट फिरवून खर लागेनाशी होईपर्यंत हे करा. हिवाळ्यात तीनदा पुरतं, पावसाळ्यात पाच वेळाही लागतं. मिठाच्या पाण्याने किडे सुटतात, जंतू मरतात असं नाही. भांड्यांचा साबण तर अजिबात वापरू नका.

त्यानंतरची युक्ती सगळ्यात मोलाची. पातेल्यात पाणी खळखळ उकळवा, धुतलेली पानं त्यात टाका आणि मिनिटभराने काढून थंड पिण्याच्या पाण्यात बुडवा. पाणी निथळू द्या, पानं मिक्सरमध्ये वाटा आणि तो गोळा बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरमध्ये ठेवा. दोन जुड्यांचा पाला शिजून एवढासा होतो की एका ट्रेत मावतो. घट्ट झाले की हिरवे खडे काढून डब्यात ठेवा. रोज सकाळी दोन खडे, केळं, पेरू, दही, झालं. पहाटे साडेचारला पालक निवडत बसायचं नाही. उकळत्या पाण्याने ‘क’ जीवनसत्त्व आणि फोलेट थोडं जातं हे खरं, पण पेरू ‘क’ची भरपाई करतो, आणि जंतूंची भीती बरीच कमी होते. फ्रीजरवर मात्र त्या बाबतीत विसंबू नका. थंडीने जंतू मरत नाहीत, झोपतात.

उकळण्याचा आणखी एक फायदा आहे आणि तो भट्टीजवळ काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. कच्चा पालक खाल्ल्यावर दातांवर जो खरखरीत थर जाणवतो तो ऑक्झॅलेटचा. मुतखड्याच्या बहुसंख्य रुग्णांत खडा कॅल्शियम ऑक्झॅलेटचा असतो. फाउंड्री, फोर्जिंग, पेंटशॉपमध्ये घाम खूप जातो, पाणी प्यायला सुट्टीशिवाय जागा सोडता येत नाही, लघवी गडद होते. अशा माणसाने रोज कच्च्या पालकाचा मोठा पेला पिणं शहाणपणाचं नाही. उकळून पाणी फेकलं की ऑक्झॅलेट बऱ्यापैकी निघून जातं. दही सोबत असलं की त्यातलं कॅल्शियम उरलेल्या ऑक्झॅलेटला आतड्यातच धरून ठेवतं. म्हणून या कृतीत दही शोभेचं नाही. ज्यांना एकदा खडा होऊन गेला आहे त्यांनी पालक, माठ, राजगिरा, चुका यांच्या वाटेला न जाता कोथिंबीर घ्यावी, आणि रोजची सवय लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

बाकी इशारे थोडक्यात. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवू नका, तिच्यातलं ‘के’ जीवनसत्त्व गोळीच्या आड येतं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी केळं आणि पालक दोन्ही डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. मधुमेह असेल तर केळं अर्धं करा, पेरू वाढवा, चिकू-सीताफळ-द्राक्षं टाळा. आणि वाटलेलं फळ घटाघटा पोटात जातं हे ध्यानात ठेवून पेला लहान घ्या. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेऊन निदान अर्धा-पाऊण तास गेल्याशिवाय काहीच नको, स्मूदीही नको. आणि उद्यानांबाहेरच्या हिरव्या रसांचं पाहून कुणी यात दुधी घालणार असेल तर आधी दुधीची एक चकती चाखा. कडू लागली तर अख्खा दुधी फेका. कडू दुधीच्या रसाने जीव गेल्याची घटना २०१०मध्ये घडली आहे. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने समिती नेमली होती.

कोणता पाला चालतो? पालक सर्वांत सरळ, त्याची स्वतःची चव फार पुढे येत नाही. कोथिंबीर आणि पुदिना थोडेच घाला, नाहीतर फळाची चटणी होते. शेवग्याचा पाला मूठभर चालतो. झाड दारात असेल तर पावसाळ्यात हाच उत्तम, कारण जमिनीपासून उंच असल्याने त्याला चिखल लागत नाही. लाल माठ उकळून घातला तर रंग सुंदर येतो. मेथी फळाबरोबर कडवट लागते. शेपूचं तर नावच काढू नका. ज्यांना शेपू आवडतो त्यांनी तो मूगडाळ घालून भाकरीशी खावा.

फळं हंगामाची. थंडीत पेरू, महाबळेश्वरकडची स्ट्रॉबेरी, पुरंदरचं अंजीर. उन्हाळ्यात जुन्नरकडचा हापूस नाहीतर साधा पायरी. पावसाळ्यात सीताफळ येईपर्यंत केळं आणि पपई बारमाही आहेतच. स्ट्रॉबेरी आणि पालक एकत्र वाटले की रंग डबक्यासारखा येतो, चवीला काही वाईट नसतं, पण मुलं पेला परत करतात. मुलांसाठी आंबा किंवा अननस घ्या, रंग हिरवा-पिवळा राहतो. अननस, संत्रं, स्ट्रॉबेरी अशी आंबट फळं असतील तर दूध घालू नका, फाटतं. घरातली मोठी माणसं दूध आणि फळाला विरुद्ध आहार म्हणतात. दही किंवा ताक घेतलं की फाटण्याचाही प्रश्न सुटतो.

वरच्या पेल्यात साधारण तीनशे कॅलरी आणि नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं होतात. आठ तास मशीनवर उभं राहणाऱ्याला एवढ्यावर काढता येणार नाही. ही न्याहारी पहाटेची, पहिल्या सुट्टीपर्यंत तग धरायला पुरेल इतकीच. सुट्टीत पोळी-भाजी किंवा दोन उकडलेली अंडी हवीतच. नाइट शिफ्ट करणाऱ्यांनी सकाळी घरी आल्यावर घेतली तर उत्तम: पोट जड होत नाही आणि झोप लागते. तेव्हा चहा मात्र नको, तो झोपेलाही नको आणि लोहालाही.

ज्यांच्याकडे मिक्सर नाही त्यांचं काय? चाकणजवळच्या म्हाळुंगे, कुरुळी, नाणेकरवाडी, खराबवाडीच्या खोल्यांत चार-सहा जण मिळून राहतात. एक गॅस, दोन पातेली. तिथे स्मूदी नावाचं काही करायचा अट्टहास नको. वाटीभर दह्यात केळं काट्याने कुस्करा, बारीक चिरलेली कोथिंबीर-पुदिना, मीठ, जिरेपूड घाला, मूठभर शेंगदाणे वर टाका. पेरू हातात घेऊन बसस्टॉपवर खा. चावून खाल्लेला पेरू वाटलेल्या पेरूपेक्षा चांगलाच. आपण वाटतो ते वेळ नाही म्हणून. पालक असेल तर रात्रीच्या डाळीत टाका. खोलीतल्या सहा जणांनी मिळून एक हँड ब्लेंडर घेतला तर तोही महाग पडत नाही, पण पाला उकळलेला हवा, कच्ची पानं त्याच्या पात्याला गुंडाळतात.

स्मूदी शक्यतो केली की लगेच प्या. बाटलीत भरून बॅगेत टाकली आणि साडेआठला उघडली तर मार्चनंतरच्या उकाड्यात दही आंबलेलं असतं, वर हिरवट पाणी आणि खाली गाळ दिसतो, आणि कधी झाकण उघडताना फसफसून कपड्यावर येते. नेणं भागच असेल तर फ्रीजरमधलेच खडे आणि गोठवलेल्या केळ्याच्या चकत्या घालून वाटा, म्हणजे स्मूदी बर्फगार होईल. ती व्हॅक्युम फ्लास्कमध्ये भरा आणि दोन तासांच्या आत संपवा. उरलेली दुपारसाठी ठेवू नका.

मिक्सरचं भांडं मात्र निघण्यापूर्वी धुवा. दोन वाट्या पाणी घालून दहा सेकंद फिरवलं की पात्याखालचा पाला सुटतो. तसंच ठेवून गेलात, तर दुपारी परत येईपर्यंत तो सिमेंटसारखा वाळलेला असतो, आणि रबराच्या रिंगखाली शिरलेला कण दोन दिवसांनी वास मारू लागतो. रिंग आठवड्यातून एकदा काढून गरम पाण्यात टाका. गुरुवारी पालकासाठी पाणी उकळता तेव्हाच थोडं बाजूला काढलं तरी पुरेल.